पंढरपूरचा अपुरा तपास

ज्यूली मॅकेलवेन या अमेरिकन लेखिकेची ‘अ मर्डर इन टाइम’ ही कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका केंड्रा डोनोव्हन ही एफबीआय या अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासखात्यातील तरुण अधिकारी. गुन्हेगाराच्या मनाचा ठाव घेण्याची विद्या, संगणकात साठविलेली माहिती आणि प्रयोगशाळेचा दाखला यांच्या बळावर खुनाचा छडा लावणारी ही स्त्री इंग्लंडमधील एका जुन्या गढीतल्या चोरजिन्यात शिरते आणि बाहेर येते ती १८१५ सालात. तेथे तिचा हुद्दा कोणी ओळखीत नाही, तिची विद्या कोणास ठाऊक नाही, आणि गढीतील मंडळी तिला चाकरीस आलेली बाई समजून कामाला लावतात. पुढे त्या परिसरात एका तरुणीचे प्रेत सापडते आणि दोनशे वर्षांनंतरच्या या बाईला दोनशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी खुनी हुडकावा लागतो.

कालप्रवासाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाच्या एका प्राध्यापकाला अशा जगात नेऊन सोडले आहे, की जेथे पानिपतचा निकाल मराठ्यांच्या बाजूने लागलेला आहे. त्या कथेतून उभा राहणारा प्रश्न ‘तसे झाले असते तर’ असा आहे. भूतकाळात गेलेल्या स्त्री-गुप्तहेराच्या कथेतून उभा राहणारा प्रश्न निराळा आहे: जे झाले ते कोणाला विचारून ठरविले गेले? इतिहासाच्या अभ्यासकाला हा दुसरा प्रश्न अधिक अडचणीत टाकतो. कारण ज्या कागदांवर त्याची सारी भिस्त, त्या कागदांत कोणाची जबानी उतरली आणि कोणाची उतरली नाही, हे त्याला त्यामुळे तपासून पाहावे लागते.

१८१५ च्या इंग्लंडात, आज ज्याला आपण पोलीसखाते म्हणतो ते अस्तित्वातच नव्हते. लंडनचे महानगर पोलीसदल स्थापन झाले १८२९ साली, आणि त्यातील गुप्तपोलिसांची शाखा १८४२ साली. तीही अवघ्या आठ माणसांची. तोवर रात्रीचा पहारा होता तो पेठापेठांनी नेमलेल्या, बहुधा वयस्कर आणि अल्पवेतनी पहारेकऱ्यांचा. आणि गुन्ह्याचा माग काढावयाचा झाल्यास बो स्ट्रीटच्या न्यायकचेरीशी संलग्न असलेल्या मोजक्या माणसांचा. ही मंडळी कादंबरीकार हेन्री फील्डिंग याने न्यायाधीश झाल्यावर १७४९ च्या सुमारास प्रथम एकत्र आणली आणि त्याचा सावत्र भाऊ जॉन याने, स्वतः पूर्णपणे अंध असूनही, पुढे त्यांची घडी बसविली. त्यांच्या चरितार्थाचा भार सरकारी तनख्यावर थोडा आणि वरकड प्राप्तीवर फार असे. ज्याच्या घरी गुन्हा झाला त्याने दिवसाला एक गिनी व प्रवासखर्च मोजून त्यांना बोलवावे, किंवा दरोडेखोर फासावर चढला म्हणजे सरकारी बक्षिसातील आपला हिस्सा त्यांनी उचलावा, अशी वहिवाट होती. चाळीस पौंडांचे हे बक्षीस म्हणजे निरपराध माणसाला गुंतविण्याचे आमिषच होऊन बसले आणि अखेर १८१८ साली ते बंद करावे लागले. ज्याच्यापाशी पैसा त्याच्या खुनाचा तपास, आणि ज्याच्या अपराधाला बक्षीस त्याच्याच अपराधाचा पाठलाग, असा तो व्यवहार होता.

शास्त्राचीही स्थिती याहून बरी नव्हती. सोमलाची निश्चित परीक्षा करण्याची मार्शची पद्धत १८३६ साली निघाली. कपड्यावरचा डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे सांगता येऊ लागले १९०१ पासून. बोटांच्या ठशांची विद्या तर हिंदुस्थानच्या भूमीवर वाढली. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ साली राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा उठवून घेतला. त्या बीजाचा विस्तार होऊन १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे पहिले दप्तर उभे राहिले, आणि ज्या वर्गीकरणामुळे हजारो ठशांतून हवा तो ठसा काढता येऊ लागला त्याच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. स्कॉटलंड यार्डाने ही विद्या १९०१ साली आपलीशी केली. तेव्हा १८१५ सालात जाऊन पडलेल्या तपासणाऱ्या स्त्रीपाशी उरते काय? डोळे, कान आणि प्रश्न विचारण्याची रीत, एवढेच. परंतु ही रीत किती मोलाची आहे, हे त्या काळच्याच एका लंडनच्या प्रकरणावरून दिसून येते.

१८११ च्या डिसेंबरची ७ तारीख. रॅटक्लिफ हायवे या गोदीजवळच्या रस्त्यावरील कापडाचा दुकानदार टिमथी मार याने दुकान आवरता आवरता, मध्यरात्रीच्या सुमारास, मार्गारेट ज्युएल या आपल्या मोलकरणीस कालवे आणण्यासाठी बाहेर पाठविले. ती रिकाम्या हाताने परत आली तो दार आतून बंद. तिने दार ठोठावले. जिन्यावर कोणाची तरी पावले वाजल्याचे आणि तान्ह्या मुलाने एकदा रडे फोडल्याचे तिने ऐकले. मग सारे निःशब्द झाले. शेजाऱ्याने मागच्या बाजूने शिरून दार उघडले तेव्हा आत मार, त्याची बायको, त्यांचे तान्हे मूल आणि दुकानातला उमेदवार पोरगा अशी चार प्रेते पडली होती. बारा दिवसांनी त्याच वस्तीतील एका गुत्त्यात आणखी तिघांचा तसाच वध झाला. पहिल्या ठिकाणी खलाशी सुताराची एक रक्ताळलेली अवजड मोगरी सापडली होती. तिच्यावर कोरलेली दोन आद्याक्षरे पुष्कळ दिवस लोटेपर्यंत कोणाच्या नजरेस आली नाहीत, यावरून त्या काळच्या तपासाची जात कळावी.

पुढे जॉन विल्यम्स या खलाशावर संशय गेला, आणि तो दृढ झाला तो बव्हंशी बायकांच्या तोंडच्या हकिकतीने. तो ज्या खाणावळीत उतरला होता तिची मालकीण, आणि तेथील कपडे धुणारी मेरी राइस नावाची बाई, या दोघींना न्यायाधीशांनी पाचारण केले. विल्यम्सचा एक सदरा मानेपाशी फाटलेला आणि गळपट्टीवर रक्तभरल्या बोटांच्या खुणा उमटलेला आपल्याकडे धुण्यास आला होता, असे मेरी राइसने सांगितले. सदऱ्यावरचा डाग कोठे आहे, किती जुना आहे, पहिल्या पाण्यात निघाला की दुसऱ्या पाण्यातही राहिला, हे धुणारणीवाचून दुसरे कोण जाणणार? तरीही ही साक्ष तिच्या वजनाइतकी तोलली गेली नाही. कारण चौकशी पुरी होण्याआधीच विल्यम्स तुरुंगात गळफास लागलेल्या स्थितीत आढळला. ती आत्महत्या म्हणजेच कबुली असे मानून त्याचे प्रेत गाड्यावर घालून हजारो लोकांसमोर फिरविले आणि चव्हाट्यावर, छातीत मेख ठोकून, पुरले. पुढे एकशेसाठ वर्षांनी, १९७१ मध्ये, पी. डी. जेम्स या विख्यात रहस्यकथालेखिकेने टी. ए. क्रिचली यांच्या साहाय्याने हे सारे जुने कागद पुन्हा वाचले आणि विल्यम्सचा अपराध कसा सिद्ध झालेला नाही हे ग्रंथरूपाने मांडले. कादंबरीतली स्त्री चोरजिन्याने भूतकाळात उतरते. जेम्सबाई कागदांच्या वाटेने उतरल्या. माझ्या दृष्टीने दुसरी वाट अधिक थोर आहे.

आता १८१५ हेच साल महाराष्ट्रात पाहावे. कारण याच साली पंढरपुरास असा एक खून झाला की ज्याच्या तपासाचे पर्यवसान पेशवाईच्या अंतात झाले.

बडोद्याचे गायकवाड आणि पुण्याचे पेशवे यांच्यामधील जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटविण्यासाठी गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ साली पुण्यास आले. ते आले ते इंग्रजांनी त्यांच्या जीविताची हमी घेतल्यावर, ही गोष्ट पुढील सर्व घटनांचे मूळ आहे. दुसऱ्या बाजीरावाने प्रथम त्यांच्याशी तुटक वर्तन केले आणि मग एकाएकी असे सख्य जोडले, की शास्त्र्यांच्या मुलास आपली मेहुणी देण्याचा घाट घातला आणि नाशकास लग्नाची सिद्धताही आरंभिली. शास्त्र्यांनी सुचविलेली तडजोड बडोद्यास मान्य होईना, तेव्हा त्यांनी लग्न लांबणीवर टाकले. शिवाय, इतिहासकार ग्रँट डफच्या सांगण्याप्रमाणे, पेशव्यांच्या वाड्यातील स्वैर रंगढंग पाहणे कुलीन स्त्रीला शोभणारे नाही म्हणून त्यांनी आपल्या पत्नीस वाड्यात पाठविण्याचे नाकारले. या दोन्ही गोष्टी बाजीरावाच्या मनाला झोंबल्या. आषाढीच्या यात्रेस पेशवे पंढरपुरास निघाले तेव्हा त्यांचा लाडका कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याने शास्त्र्यांना आग्रहाने बरोबर घेतले आणि त्यांचे सहकारी बापू मैराळ यांस नाशकास मागे ठेवविले.

जुलै १८१५ मधील त्या रात्रीची हकिकत शास्त्र्यांच्या माणसांच्या सांगण्यावरून उतरलेली आहे, आणि तिच्यातील बारकावे असे आहेत की वाचणारा खिळून राहावा. शास्त्र्यांना ताप वाटत होता. देवळात येत नाही असे सांगून ते पडून होते. त्र्यंबकजीकडून निरोपावर निरोप आले: गर्दी ओसरली आहे, दर्शन घेऊन जावे. अखेर, नाही म्हटले तर अप्रस्तुत दिसेल म्हणून, मोजकी निःशस्त्र माणसे बरोबर घेऊन ते निघाले. वाटेत गर्दीतून कोणी तरी ‘यांतले शास्त्री कोण?’ असे विचारले आणि ‘गळ्यात कंठा आहे ते’ असे उत्तर मिळाले, ते त्यांच्या एका सेवकाच्या कानावर पडले. दर्शन झाले, त्र्यंबकजीशी बोलणे झाले, आणि परतीच्या वाटेवर मागून काही माणसे ‘वाट सोडा’ असे ओरडत धावत आली. पुढच्याच्या हातात पिळलेले फडके दिसत होते. त्या फडक्यात तलवार होती. शास्त्री तेथेच पडले, आणि मारेकरी देवळाच्याच दिशेने पळाले.

ज्याच्यावर साऱ्यांची नजर गेली तो त्र्यंबकजी मूळचा जासूद. बाजीराव यशवंतराव होळकराच्या धाकाने कोकणात उतरले असता एक पत्र पुण्यास पोचवून त्याचे उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आणल्यामुळे तो त्यांच्या मर्जीस चढला होता. बातमी काढणे, निरोप पोचविणे, माणूस हेरणे, हीच त्याची पहिली उमेदवारी. असा मनुष्य, पेशव्यांच्या मुक्कामाजवळ आणि ऐन यात्रेत, एका परराज्याच्या वकिलाचा खून होऊनही मारेकऱ्यांचा माग काढण्यासाठी हालचाल करीत नाही, ही गोष्ट त्याच्याविरुद्ध सर्वांत जड ठरली. शास्त्र्यांचा कारकून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे फिर्याद घेऊन गेला तेव्हा, शास्त्र्यांना वैरी पुष्कळ होते, एवढेच त्याला ऐकावे लागले.

याचा अर्थ आपल्या मुलखात तपासाची पद्धत नव्हती असा कोणी करून घेऊ नये. गावात चोरी झाली तर जागल्याने अथवा रामोश्याने पावलांचा माग काढावा, तो शिवेपर्यंत नेऊन पुढील गावच्या हवाली करावा, आणि ज्या गावच्या शिवेत माग थांबेल त्या गावाने माल भरून द्यावा, ही रीत इंग्रज अंमलदार एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदविली आहे. वादी-प्रतिवाद्यांचे करीने लिहून घेणे, जामीन घेणे, पंचांपुढे साक्षी करणे आणि काहीच न उलगडल्यास दिव्य करविणे, असा निवाड्याचा क्रम ठरलेला होता. गावच्या गाईम्हशींच्या चोरीला ही यंत्रणा पुरी पडत असे. परंतु ज्या दरबाराने चौकशीचा हुकूम सोडावयाचा त्याच दरबाराच्या लाडक्या कारभाऱ्यावर बालंट असेल, तर शिवेपर्यंत माग न्यावा कोणी?

तो नेला पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने. खुनाची वार्ता त्यास वेरूळच्या मुक्कामी लागली. शास्त्र्यांच्या सुरक्षिततेची हमी कंपनीची असल्याने त्याने तात्काळ पेशव्यांस लिहून त्र्यंबकजीला अटक करण्याची मागणी केली, पुण्यास येऊन शास्त्र्यांच्या माणसांच्या हकिकती आणि बातमीदारांची अखबारे गोळा केली, आणि फौजेची तजवीज करून आपल्या शब्दाला वजन आणले. सप्टेंबरात बाजीरावास त्र्यंबकजीला इंग्रजांच्या हवाली करावे लागले. एल्फिन्स्टनची चिकाटी आणि पुरावा जुळविण्याचे कौशल्य यांविषयी मला आदर आहे. परंतु तो न्यायाधीश नव्हता, मुत्सद्दी होता, आणि ज्या पुराव्याने आपल्या सरकारचे काम होते तेवढा हाती येताच त्याचा तपास थांबला. त्र्यंबकजीवर रीतसर खटला चाललाच नाही. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहात पहिल्याच कलमाने पेशव्यांकडून त्याचा अपराध कबूल करवून घेतला गेला. खुनाचा निवाडा पंचांनी वा न्यायाधीशाने न देता तहनाम्याने द्यावा, असे उदाहरण आमच्या इतिहासात दुसरे मला आठवत नाही.

मधल्या काळात घडलेला एक प्रसंग तर कोणत्याही रहस्यकथेला शोभावा. ठाण्याच्या किल्ल्यात त्र्यंबकजीवर मुद्दाम गोऱ्या शिपायांचा पहारा ठेवला होता, की देशी माणसाशी त्याचे संधान जुळू नये. तेथल्या एका इंग्रज अंमलदाराचा मराठा मोतद्दार घोडे फिरविताना खिडकीखालून मोठ्याने गाणी म्हणत असे. पहारेकऱ्यांना ते सुस्वर वा बेसूर गाणे एवढेच कळे. सुटकेची सारी मसलत त्या गाण्याच्या शब्दांत होती. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटला. ज्यांना विश्वासू म्हणून नेमले त्यांना भाषा येत नव्हती, आणि ज्याला भाषा येत होती त्या मोतद्दाराकडे कोणी लक्ष देण्याजोगा मनुष्य म्हणून पाहिले नव्हते. पुढे १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला आणि त्याचे उर्वरित आयुष्य काशीजवळच्या चुनारगडावर बंदिवासात गेले.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. पंढरपूरच्या प्रकरणाचा जो वृत्तांत आपल्या इतिहासग्रंथांतून रूढ आहे, त्यात कारकून बोलतात, सेवक बोलतात, वकील बोलतात, रेसिडेंट बोलतो. स्त्री कोणी बोलत नाही. आणि तरी वैराचे एक मूळ पतीने वाड्यात न पाठविलेल्या एका पत्नीपाशी आहे, व दुसरे जिचे लग्न मांडून लांबणीवर पडले त्या पेशव्यांच्या मेहुणीपाशी आहे. लग्न नाशकास का अडले, वाड्यातून शास्त्र्यांच्या घरी कोणते निरोप, कोणत्या दासीकरवी, कोणत्या शब्दांत गेले, नकार ऐकून माजघरात काय बोलले गेले, हे सारे ज्यांना ठाऊक होते त्यांची जबानी घेण्याचे ना पेशवाईच्या रिवाजात होते, ना इंग्रजांच्या. आमच्या इतिहासात खुनाच्या संबंधाने जी स्त्री सर्वांना परिचित आहे ती म्हणजे नारायणरावाच्या वधात गोवली गेलेली आनंदीबाई. आरोपी म्हणून स्त्रीला दप्तरात जागा मिळाली, जाणती साक्षीदार म्हणून मिळाली नाही. लंडनच्या मेरी राइसला निदान न्यायासनापुढे उभे तरी केले होते.

तपास करणारी म्हणून तर स्त्रीला याहून कितीतरी अधिक वाट पाहावी लागली. अमेरिकेत केट वॉर्न हिने १८५६ साली शिकागोच्या पिंकर्टन गुप्तहेर संस्थेत नोकरी मागितली ती, पुरुषांना जेथे प्रवेश नाही तेथे बायकांशी बोलून बातमी काढता येते, या मुद्द्यावर, आणि तो मुद्दा मालकास पटला. लंडनमध्ये स्त्री-गुप्तहेर कथा-पुस्तकांत अवतरली १८६४ मध्ये. अटकेचा अधिकार असलेली पहिली स्त्री-पोलीस, एडिथ स्मिथ, इंग्लंडात नेमली गेली ती १९१५ साली. ज्या खात्याची केंड्रा डोनोव्हन अधिकारी म्हणून रंगविली आहे, त्याने आपले दरवाजे स्त्रियांना खऱ्या अर्थाने १९७२ मध्ये उघडले. कल्पनेने स्त्रीला भूतकाळात अधिकारी म्हणून धाडणे शक्य झाले ते वर्तमानात तिला तो अधिकार मिळाल्यावरच.

या जातीच्या कादंबऱ्यांना केवळ करमणूक समजून बाजूस सारू नये, असे मला वाटते ते याच कारणाने. गढीत मोलकरीण म्हणून ठेवलेली केंड्रा स्वयंपाकघरात आणि शयनगृहांत वावरू शकते, चाकरमाणसांशी त्यांच्यातली एक होऊन बोलू शकते. बो स्ट्रीटचा माणूस ज्या दाराशी टोपी काढून उभा राहील त्या दाराच्या आतले तिला दिसते. पंढरपुरास अशी एखादी बाई असती, तर तिने रेसिडेंटाच्या डेऱ्याकडे न जाता प्रथम शास्त्र्यांच्या बिऱ्हाडातील चुलीपाशी बसकण मारली असती, आणि मग पेशव्यांच्या मुदपाकखान्यातील बायकांशी ओळख काढली असती. तिला त्र्यंबकजी दोषी दिसला असता की निर्दोष, हे आज सांगता येत नाही. पण ‘कंठा आहे ते’ असे सांगणारा मनुष्य कोणाच्या पागेतला वा कोणाच्या शागिर्दपेशातला होता, हे तिने विचारल्यावाचून सोडले नसते.

अशी कादंबरी मराठीत व्हावी, आणि ती एखाद्या लेखिकेने लिहावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. मात्र जिने ती लिहावयास घ्यावी तिने आपल्या नायिकेस पंढरपुरास धाडण्यापूर्वी स्वतः पुण्याच्या पेशवे दप्तरात जावे, मोडीचे रुमाल सोडावेत, रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे एल्फिन्स्टनच्या अमदानीतील खंड शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येक जबानीपाशी थांबून ती कोणाची आहे व तिच्या शेजारी कोणाची असावयास हवी होती हे लिहून ठेवावे. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा निकाल तहाच्या कलमात लागला असला, तरी त्याचा तपास अद्याप पुरा झालेला नाही.